नाक कसं हाय?

माणूस भेटला की लोक विचारतात, कसं काय, बरं आहे ना. सर विचारायचे, "नाक कसं हाय?"

शेवगावच्या एका छोट्या लॅबमध्ये मी कामाला लागले, त्या पहिल्या सकाळी त्यांनी मला हेच विचारलं होतं. मी नवी, घाबरलेली, इस्त्रीचा ड्रेस घालून गेलेली. मला वाटलं, नाकाला काहीतरी लागलंय. मी घाईघाईनं ओढणीनं नाक पुसलं. ते म्हणाले, "पुसू नको. ओलं हाय तेच बरं हाय." मग ते मायक्रोस्कोपवर वाकले आणि दुपारपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी घरी जाऊन मी सांगितलं, लॅबमध्ये एक येडा माणूस आहे. सगळे हसले, मीही हसले. हेच वाक्य पुढं मी आणखी एकदा बोलले, नको त्या ठिकाणी, नको त्या माणसापुढं. ते सांगायचंच आहे, पण आधी सर कसे होते ते सांगू द्या.

खरं तर ते कुणाचे सर नव्हते. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि पंचवीस वर्षं लोकांचं रक्त, लघवी, थुंकी तपासत होते. लॅबचे मालक डॉक्टर आठवड्यातून दोनदा नगरहून यायचे, रिपोर्टांवर सह्या करायचे आणि जायचे. बाकी लॅब म्हणजे सर. पश्चिमेच्या खिडकीशी त्यांचं स्वतःचं जुनं मायक्रोस्कोप होतं, कुठल्याशा कॉलेजनं मोडीत काढलेलं. त्याला पेशंटचं काम लावायचं नाही असा त्यांचा नियम. दुपारी दोनच्या पुढं गर्दी ओसरली, रक्त फिरवायचं मशीन बंद झालं, की ते एक मऊ बारीक ब्रश घ्यायचे, स्वतःच्या नाकात घालून फिरवायचे, दोनदा शिंकायचे, काचेवर सलाइनचा थेंब टाकून त्यात तो ब्रश झटकायचे आणि बघत बसायचे. खिडकीतून लिंबाच्या पानांची सावली त्यांच्या पाठीवर हलत असायची. असा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, जो स्वतःच्या नाकातलं बघून खूश होतो.

महिनाभरानं एकदा त्यांनी मला हाक मारली. "ये. बघ. बोलू नको."

आधी मला काही दिसलं नाही. पाण्यात पडलेले कण, पांढुरका उजेड. मग एका कडेला काहीतरी थरथरलं. डोळा स्थिरावला तसं कळलं की पेशींची एक ओळ आहे आणि तिच्या वरच्या अंगाला बारीक लव आहे, आणि ती लव हलतेय. एका बाजूनं दुसऱ्या बाजूला, परत पहिल्यापासून. जोंधळ्याच्या रानावरनं वारं जातं तशी लाट जात होती, आणि वारं तर कुठंच नव्हतं. ते नाकातून बाहेर काढून दहा मिनिटं झाली होती.

"ह्यांना अजून कळलं न्हाई," सर हळूच म्हणाले, "आपन भायेर आलोय ते."

त्या दुपारी मला घरी जायला उशीर झाला आणि त्याचं काहीच वाटलं नाही.

पेशींची शास्त्रातली नावं त्यांना पाठ होती, पण बोलताना ते आपलीच नावं वापरायचे. नाकाघशाच्या ओल्या अस्तरात, फुप्फुसात जन्मापासून ठाण मांडून बसलेल्या मोठ्या पेशी, त्या 'राहत्या'. धूळ, जंतू, मेलेलं, सगळं गिळून जागा साफ ठेवणाऱ्या. काही बिघडलं की रक्तातून धावत येणाऱ्या आणि एक-दोन दिवसांत तिथंच मरून पडणाऱ्या, त्या 'धावत्या'. आपल्यातल्याच कुठल्या पेशीत विषाणू शिरलाय हे ओळखून तिला संपवणाऱ्या 'पारखी'. "पारखी काय मला ह्या काचंवर वळखू येत न्हाईत," ते प्रामाणिकपणे सांगायचे, "पुस्तकात वाचलंय. पन हायेत."

ह्या सगळ्यांत त्यांना एकच गोष्ट फार आवडायची. "ह्यांना कुनी शिकिवलेलं नसतं, पोरी. शिकलेल्या पेशी येगळ्या. त्या एकेका रोगाचा अभ्यास करून मग येत्यात, पाच-सात दिवस लावून. तवर दारात ह्या अडानीच उभ्या ऱ्हात्यात."

आणि कधी फारच रंगात आले तर निरोपाचं सांगायचे. विषाणू ज्या पेशीत शिरतो ती बहुतेक जातेच. पण जायच्या आधी ती एक निरोप सोडते. "वाचवा म्हनत न्हाई ती. मला झालंय, तुमी दारं लावा, एवढंच सांगती. निरोप पोचला की शेजारनी आतलं कामधाम आवरून दारं लावून घेत्यात. मग आला विषानू तरी बसतो भायेर." एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघत राहायचे. पुढचं काही बोलतील म्हणून मी थांबायचे, पण ते बोलणं तिथंच संपलेलं असायचं.

त्यांच्या तऱ्हा गावात सगळ्यांना माहीत. हिवाळ्यात सायकलवरून येताना ते नाकावरून उपरणं बांधायचे, कारण नाक गार पडलं की आतल्या राखणदारांना सुस्ती येते. समोरचा माणूस तोंड उघडं टाकून ऐकत असला की म्हणायचे, "तोंड मिटा, दार उघडं ऱ्हायलंय." तपासून झालेली काच धुताना तिच्याशी पुटपुटायचे, "बरं, झोपा आता." कोरोना आला आणि सगळं गाव नाकावर फडकी बांधून हिंडायला लागलं, तेव्हा चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, आता तुमच्यात आणि आमच्यात काय फरक राहिला? सर जरा हिरमुसलेच.

बाजाराच्या दिवशी सुट्टी असली की ते घोडेगावला जायचे. त्यांचं गाव तिकडचंच. म्हशी घ्यायच्या नसायच्या, नाकं बघायची असायची. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. शेकडो म्हशी, धूळ, रुमालाखाली बोटांनी ठरणारे भाव, आणि सर हात मागं बांधून एकेका म्हशीच्या तोंडासमोर उभे. निरोगी म्हशीच्या नाकाडावर दव असतं, थेंब थेंब. हे व्यापाऱ्यांनाही माहीत, म्हणून आजारी जनावराच्या नाकाडावर काही जण ओलं फडकं फिरवून ठेवतात. एका शेतकऱ्याचा सौदा ठरत आला होता. सरांनी खिशातला रुमाल काढून त्या म्हशीचं नाक कोरडं केलं आणि म्हणाले, "आता थांबा."

"किती येळ?" शेतकऱ्यानं विचारलं.

"दव आपआपलं येईस्तवर."

आम्ही चौघं त्या म्हशीच्या नाकाकडं बघत उन्हात उभे राहिलो. दव आलं नाही. व्यापाऱ्यानं सरांना ज्या शिव्या दिल्या त्या मी आजवर कुणाला दिलेल्या ऐकल्या नाहीत. सर मात्र म्हशीलाच म्हणत होते, "लई दमली गं तू." परतीच्या वाटेवर मला म्हणाले, "पुसायचं आन् थांबायचं. आत जीव असंल तर वल परत येती."

माझी तनू झाली ती सातव्या महिन्यात. मुठीएवढी. नगरच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत महिनाभर होती. घरी सोडताना तिथल्या डॉक्टरांनी मला बजावलं, हिची फुप्फुसं कच्ची आहेत, वर्षभर हिला साधी सर्दीसुद्धा होऊ देऊ नका. झाली तर परत पेटीत, आणि मग आम्ही काही सांगू शकत नाही. मी ते ऐकलं आणि त्या दिवसापासून माझं सगळं लक्ष त्या इवल्या नाकपुड्यांवर लागलं. ती झोपली की मी बोट नाकाशी धरून बसायचे.

सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तिच्याकडं शिकलेल्या न्हाईत अजून. तुझ्या दुधातनं थोडं जातं. बाकी सगळा भार राहत्यांवर आन् धावत्यांवर. त्यांच्या वाटंत आपन यायचं न्हाई, एवढंच आपल्या हातात."

वाटेत तर आम्ही रोज येत होतो. माझ्या सासूबाई, आत्याबाई म्हणते मी त्यांना, रोज सकाळी तनूला न्हाऊ घालून धुरी द्यायच्या. शेगडीत निखारे, त्यावर ओवा आणि वावडिंग, वर सूप धरून धूर कोंडायचा आणि त्यात लेकरू धरायचं. आमच्याकडं सगळ्या बाळांना देतात. हिवाळा चालू होता आणि तनू धुरानं ठसकायची. मी एकदा भीत भीत म्हणाले, नको देऊ या का. आत्याबाई म्हणाल्या, "धुरी न्हाई दिली तर लेकराच्या छातीत सर्दी भरती. माझी चार ह्याच धुरीवर वाढली." त्यांच्यापुढं माझं काही चालेना. मी हे सरांपुढं रडले.

"त्यांना हितं घिऊन ये," सर म्हणाले.

आत्याबाई आल्या त्या भांडायच्याच तयारीनं. तरुणपणी त्या दरवर्षी कोपरगावकडं कोयत्यावर जायच्या, ऊसतोडीला. उसाच्या फडाशेजारी पाचटाची खोपी, त्यात चूल, चुलीत पाचट. असे वीस हिवाळे त्यांनी धुरात काढले होते. सरांनी धुरीचं नावच काढलं नाही. म्हणाले, "मावशी, नाक कसं हाय?"

"नाकाला काय धाड भरलीय?"

"मग बघू या."

ब्रश फिरवला तशा आत्याबाई सात वेळा शिंकल्या आणि सरांना म्हणाल्या, "मेल्या, मेंदू काडतो का काय!" मग सरांनी आधी माझ्या नाकातलं त्यांना दाखवलं. ते जोंधळ्याचं रान. आत्याबाई बघत राहिल्या, तोंड उघडं पडलं, आणि पहिल्यांदाच सर कुणाला 'तोंड मिटा' म्हणाले नाहीत. नंतर त्यांनी त्यांचीच काच लावली. मीही बघितली. बरीचशी ओळ उघडी पडलेली. मधूनच कुठं चार केस, सावकाश, दमल्यासारखे हलणारे.

"धुरानं झालं ह्ये?" आत्याबाईंनी विचारलं.

"धुरानं."

"परत येती का ती लव?"

"धूर थांबला तर येती की. हळूहळू येती."

दुसऱ्या दिवशी शेगडी परसात उपडी पडलेली होती. शेजारणींनी विचारलं तर म्हणाल्या, कोळसाच मिळत न्हाई चांगला. तेव्हापासून त्या सरांना मास्तर म्हणायला लागल्या, आणि आठवड्यातून एकदा मला म्हणायच्या, मास्तरला म्हनावं येऊन जा लेकराला बघाया.

ते आले कोरोनाच्या दुसऱ्या फेरीत, एका रविवारी. लॅबमध्ये त्या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नव्हती. लोक तपासायला यायचे आणि खोटे मोबाईल नंबर देऊन जायचे. कळलं तर गल्ली वाळीत टाकते ही भीती. सर अंगणातच, लांब बसले. तनूला हात लावला नाही. फक्त उठून, टाचा उंचावून माझ्या कडेवरच्या तिच्या नाकाकडं बघितलं आणि समाधानानं हसले. मी मात्र लॅबमध्ये दिवसभर त्यांच्याच टेबलाशी असायचे.

मंगळवारी सकाळी त्यांचा फोन आला. "पोरी, माजं आलं. पॉझिटिव. तू लेकरापास्नं येगळी हो, आत्ताच्या आत्ता. दूध पाजताना दुपदरी फडकं बांध, बाकी येळ माळवदावर. आन् ऐक, मी सगळ्यांना सांगनार हाय."

मी म्हणाले, सर, सगळ्यांना सांगा, पण आमच्या घराचं नाव घेऊ नका. हात जोडते. ते म्हणाले, "तुझ्या गल्लीतल्या बाया येता-जाता लेकराला उचलून घेत्यात. त्यांना कळाय नको?"

तासाभरानं घंटागाडी आली. ओल्या-सुक्या कचऱ्याचं गाणं मधेच थांबलं आणि भोंग्यातून सरांचा आवाज यायला लागला. मोबाईलवर आवाज भरून त्यांनी तो गाडीवाल्याला पाठवला होता. "मला कोरोना झालाय. शनवारपास्नं मी ज्यांच्या जवळ बसलो त्यांनी घाबरू नका, पन दारं लावून येगळं बसा." मग नावं. केस कापणारा, टपरीवाला, डेअरीवरचे दोघं. आणि शेवटी, "माझ्याबरोबर लॅबमधी काम करनारी पोरगी. तिच्या घरात कच्चं लेकरू हाय. तिच्या घरी आठ-धा दिवस कुनी जाऊ नका." गाडी गावभर फिरली. भोंगा तेच तेच बोलत राहिला.

दुपारी दूधवाला आला नाही. शेजारणीनं मधल्या भिंतीवरचे कपडे काढून नेले. माझी लाजेनं कानशिलं तापली होती. माळवदावर पत्र्याच्या सावलीत बसून मी त्या माणसाला मनातल्या मनात वाट्टेल ते बोलले. खाली आत्याबाई तनूला अंगाई म्हणायच्या आणि मी वरून ऐकायचे. तिसऱ्या दिवशी माझाही रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह. अंगात ताप नाही, खोकला नाही, काही नाही. सरांनी सांगितलं नसतं तर मी ते तीन दिवस तनूचं नाक माझ्या गालाला लावून झोपले असते. तनूला शिंकसुद्धा आली नाही.

हे सगळं मला तेव्हाच समजत होतं, आणि तरी मी पुढचं केलं.

मी कामावर परतले तेव्हा सर नगरला ऑक्सिजनवर होते. लॅबच्या डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "लॅबचं नाव खराब झालंय. लोक म्हणतात, तिथं तपासायला गेलं की भोंग्यावर नाव येतं. मला एवढंच सांगा, ते तापाच्या भरात होते ना? त्यांचं आधीपासूनच जरा..." आणि त्यांनी कपाळाशी बोट फिरवलं. मला गल्लीचा राग होता, सरांचा राग होता, आणि नोकरी जाईल अशी भीतीही होती. मी म्हणाले, "हो. ते आधीपासूनच येडे आहेत." डॉक्टरांनी ते जरा बऱ्या शब्दांत लिहून घेतलं आणि मी खाली सही केली.

सर बरे होऊन आले तेव्हा त्यांना सांगण्यात आलं, आता आराम करा. ते मायक्रोस्कोप न्यायला रिक्षा घेऊन आले. अंगावरचे कपडे लोंबत होते. मायक्रोस्कोप घोंगडीत गुंडाळून त्यांनी बायकोच्या मांडीवर दिलं. मग खिडकीकडं बघून, मी दिसतेय हे बघून, त्यांनी स्वतःच्या नाकाला बोट लावलं आणि मान उडवून विचारलं, कसं हाय? मी आत सरकले.

सर आपल्या गावी राहायला गेले, आणि पुढची काही वर्षं मी घोडेगावच्या नुसत्या फाट्यावरून गेले तरी दुसरीकडं बघायचे. तनू यंदा पहिलीत जाईल. गेल्या महिन्यात तिनं मला विचारलं, आपण धुरी का देत नाही, सगळे देतात, आणि आत्याबाईंनी तिला मास्तरची गोष्ट सांगितली. ती ऐकताना मला बसवेना. दुसऱ्या रविवारी तनूला घेऊन मी एसटीत बसले.

सर पडवीत घोंगडीवर बसले होते. समोर तेच मायक्रोस्कोप. चार शब्दांनंतर त्यांना थांबून श्वास घ्यावा लागत होता. बायकोनं चहा आणला. त्यांनी कप नाकाशी नेला आणि तिला विचारलं, "आलं घातलंय का?" मग मला म्हणाले, "वासच येत न्हाई बघ तवापास्नं. नाकवाल्याचंच नाक गेलं." आणि हसले.

मी म्हणाले, "सर, मी तेव्हा डॉक्टरांना..."

"कागद दाखवला त्यांनी मला."

मला वर बघवेना.

"निरोप पोचल्यावर शेजारनीनं दार लावायचंच असतं, पोरी," ते थांबत थांबत म्हणाले. "त्याच्यासाठीच तर सांगायचं. तू दार लावलंस, दूधवाल्यानं लावलं. लेकरू वाचलं न्हवं?"

"दार लावणं वेगळं, सर. मी तुम्हाला येडं म्हणाले. सही करून म्हणाले."

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "व्हय," म्हणाले, "त्ये लागलं." आणि मग तनूकडं वळून, जणू इतका वेळ तिचीच वाट बघत होते, "नाक कसं हाय?"

तनूनं नाक वर करून दोनदा हुंगलं. "चहाचा वास येतोय. आल्याचा पण. आणि शेणाचा."

"आनखी?"

"तुमच्या घोंगडीचा. आणि आईनं डोक्याला तेल लावलंय त्याचा."

सरांनी डोळे मिटले. "सांग, आनखी सांग."

ती सांगत राहिली. ओल्या मातीचा, म्हशीचा, एसटीच्या तिकिटाचा, सगळे वास ती त्यांना एकेक करून देत होती आणि ते मिटल्या डोळ्यांनी मान हलवत होते. माझ्या डोळ्यांतून, नाकातून धार लागली होती. मी ओढणीचा पदर वर उचलला.

"पुसू नको," सर डोळे न उघडता म्हणाले. "ओलं हाय तेच बरं हाय."